रबाळ्याचं स्टोरेज आणि न मेलेल्या तीन डिस्क

रबाळे एमआयडीसीत पॅकेजिंग छापणारी एक कंपनी आहे. मिठाईचे खोके, अगरबत्तीची पाकिटं, औषधांची कार्टन असं काम. डिझाइन विभागाच्या चालू फायली, जुनी मंजूर झालेली डिझाइनं आणि प्लेट बनवायला जाणारं तयार काम, सगळं एकाच स्टोरेजवर. सर्व्हरवर डेबियन लिनक्स. त्यात १२ गिगाबिटचं सॅस एचबीए कार्ड, म्हणजे सर्व्हरला बाहेरच्या डिस्क जोडणारं कार्ड. कार्डातून एक जाड केबल खालच्या जेबॉड शेल्फला, म्हणजे नुसत्या डिस्क ठेवायच्या खोक्याला, शेल्फात १२ सॅस डिस्क आणि त्यांवर झेडएफएस या फाइल सिस्टिमचा रेडझेड-२ पूल, म्हणजे सगळ्या डिस्क मिळून एक साठा. रेडझेड-२ म्हणजे एका वेळी दोन डिस्क गेल्या तरी डेटा शाबूत. बांधणीत काही चूक नव्हती. खर्च बेताचा ठेवून कुणीतरी विचार करून केलेलं काम होतं.

तक्रार अशी की, मधूनच शेअर, म्हणजे नेटवर्कवरचं सामायिक फोल्डर, अडकतो. फाइल सेव्ह करायला गेलं की कर्सर फिरत राहतो, कधी अर्धा मिनिट, कधी पाच मिनिटं. मग एखादी डिस्क ‘फॉल्टेड’ (निकामी) दिसते आणि पूल ‘डिग्रेडेड’ (अधू) होतो. आमच्याकडे एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, येण्याआधी असं दोनदा झालं होतं आणि दोन्ही वेळा डिस्क बदलून झाली होती. गणपतीच्या आधी, मिठाईच्या खोक्यांचं काम अंगावर असताना, तिसरी डिस्क फॉल्टेड झाली तेव्हा फोन आमच्या वागळे इस्टेटच्या ऑफिसात आला.

रीस्टार्टने काय पुसलं जात होतं

पहिला प्रश्न मी हाच विचारला: याआधीच्या दोन वेळांचे लॉग, म्हणजे मशीनने ठेवलेल्या नोंदी, आहेत का? नव्हते. ठेवले नव्हते असंही नाही, राहतच नव्हते. सर्व्हर एका लहानशा पेनड्राइव्हवरून बूट होत होता. पेनड्राइव्हवर सतत लिहिलं की तो लवकर झिजतो, म्हणून व्हार-लॉगची आख्खी डिरेक्टरी टीएमपीएफएसमध्ये, म्हणजे रॅममध्ये ठेवली होती. पेनड्राइव्ह वाचला, पण मशीन रीस्टार्ट झालं की सगळे लॉग साफ. आणि शेअर अडकला की रीस्टार्ट करायचं हा तिथला रिवाज. वर पूल चालू झाल्यावर कुणीतरी ‘झेडपूल क्लिअर’ मारायचं, म्हणजे उरलेसुरले एररचे आकडेही शून्यावर. पुरावा दर वेळी दोनदा पुसला जात होता.

आधीच्या लोकांच्या वहीत एवढीच नोंद होती: ‘एसडीएफ खराब, बदलली.’ ही नोंद असून नसल्यासारखी. लिनक्समध्ये एसडीए, एसडीबी ही नावं बूटच्या वेळी डिस्क ज्या क्रमाने सापडतील त्या क्रमाने मिळतात. रीस्टार्टनंतर एसडीएफ म्हणजे भलतीच डिस्क असू शकते. सिरियल नंबर लिहिला नसेल तर कुठली डिस्क काढली हे कुणालाच सांगता येणार नाही.

म्हणून फोनवर पहिलं सांगणं हे होतं: मशीन रीस्टार्ट करायचं नाही, क्लिअर मारायचं नाही, डिस्क ओढायची नाही. तिथलं सिस्टिमचं काम बघणाऱ्या मॅडमना ते पटलं. प्रॉडक्शनच्या साहेबांना पटायला वेळ लागला.

“अहो, मशिनी उभ्या आहेत. रीस्टार्ट मारला की चालू होतं. दोन मिनिटांचं काम आहे.”

“साहेब, चालू होईल, पण परवा पुन्हा हाच फोन येईल. जेवणाच्या सुट्टीपर्यंत वेळ द्या.”

त्यांनी दिला, नाराजीनेच.

वेबचं पान सोडून कमांड लाइन का

सर्व्हरवर एक वेब पॅनेल होतं आणि त्यात लॉग डाउनलोड करायचं बटणही होतं. मॅडमनी ते आधीच दाबून पाहिलं होतं. पान फिरत राहिलं आणि शेवटी टाइमआउट. यात नवल नाही. असं पॅनेल एका बटणामागे पाचपंचवीस गोष्टी एकदम विचारतं: पुलाची स्थिती, प्रत्येक डिस्कचं स्मार्ट (डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद), प्रत्येक शेअरची जागा. त्यातली एक डिस्क गप्प बसली की सगळं पान गप्प. कमांड लाइनवर एका वेळी एकच गोष्ट विचारता येते आणि कुठली गोष्ट अडकली तेही कळतं.

दुसरं कारण पावसाचं. सकाळपासून धो धो, विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी, त्यामुळे गाडीने जाणं त्या वेळी शक्य नव्हतं. व्हीपीएन होतं, पण लाइन मंद. एसएसएचवर, म्हणजे दुरून कमांड चालवायच्या जोडणीवर, मजकूर तेवढा येतो, त्याला मंद लाइन पुरते.

लॉग कुठे लिहायचे हेही आधी ठरवावं लागतं. पुलावर लिहिणं म्हणजे आजारी डिस्कवर आणखी काम टाकणं, शिवाय ती फाइल लिहितानाच अडकेल. टीएमपीएफएसवर लिहिलं तर रीस्टार्टबरोबर जाईल. म्हणून सर्व्हरवर काहीच लिहिलं नाही. प्रत्येक कमांड लॅपटॉपवरून एसएसएचमधून चालवायची आणि तिचं उत्तर थेट लॅपटॉपवरच्या फाइलमध्ये वळवायचं, एका कमांडला एक फाइल. नावात क्रमांक, म्हणजे कुठली माहिती कशानंतर घेतली हे नंतर कुणाला विचारावं लागत नाही.

क्रम

लॉग गोळा करणं म्हणजे दिसेल ते सगळं एकदम उचलणं, असं पुष्कळांना वाटतं. त्यासाठी तयार हत्यारंही आहेत. सॉस रिपोर्ट नावाचं हत्यार चांगलं आहे, मी वापरतो. पण ते अनेक प्लगिन एकाच वेळी चालवतं, प्रत्येक डिस्कला हात लावतं आणि मोठे लॉग मुळात २५ एमबीपर्यंतच, तेही शेवटाकडचेच घेतं. मशीन धड असताना ठीक. इथे एखादी डिस्क कधीही गप्प बसेल अशी अवस्था होती. अशा वेळी जे सर्वात आधी नाहीसं होणार ते आधी घ्यायचं, आणि ज्याने मशीन अडकू शकतं ते शेवटी.

सर्वात आधी घड्याळ. ‘डेट’ मारली आणि मोबाइलवरची वेळ शेजारी लिहून ठेवली. सर्व्हर यूटीसीवर होता, म्हणजे आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे. त्यात फायरवॉलने एनटीपी, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळ जुळवणं, अडवलं होतं, त्यामुळे आणखी चार मिनिटांचा फरक. हे फालतू वाटतं, पण डिझाइनवाले सांगणार ‘चहानंतर लगेच अडकलं’ आणि लॉग सांगणार सकाळचे पावणेसहा. हा हिशेब आधी बांधला नाही तर दोन्ही बाजू खऱ्या असूनही जुळत नाहीत.

मग कर्नलचा लॉग, ‘डीमेसेज’. कर्नलचा हा बफर शाळेच्या फळ्यासारखा: जागा संपली की जुनं पुसून त्यावरच नवं लिहिलं जातं. एरर सतत येत असतील तर पहिली, सर्वात मोलाची ओळ काही वेळात गायब होते. म्हणून लॉगमध्ये तो पहिला. दोन प्रकारे घेतला: एकदा मूळ रूपात, बूटपासूनच्या सेकंदांसह, आणि एकदा मायनस कॅपिटल टी लावून, वाचता येणाऱ्या वेळेसह. इथे एक सवय महागात पडते. काही जण डीमेसेजला मायनस सी लावतात. त्याने मजकूर दिसतो आणि बफर रिकामाही होतो. ‘झेडपूल इव्हेंट्स’लाही मायनस सी म्हणजे साफ करणंच.

डीमेसेजमध्ये एक गोष्ट मॅडमनी आधीच टिपली होती. “सर, सकाळी ‘ब्लॉक्ड फॉर मोअर दॅन १२० सेकंद’ असं सारखं येत होतं, आता थांबलंय. म्हणजे सुधारलं ना?” सुधारलं नव्हतं. एखादी प्रोसेस १२० सेकंदांहून जास्त अडकली की कर्नल तशी ओरड करतो, पण मुळात फक्त दहा वेळा. हंग टास्क वॉर्निंग्ज नावाची सेटिंग असते, तिचा आकडा दहावरून उतरत शून्यावर आला की कर्नल गप्प बसतो. प्रोसेस अडकलेल्याच असतात. ती सेटिंग वाचली तर खरंच शून्य.

मग कोण नेमकं कुठे अडकलंय हे कसं कळणार? त्यासाठी प्रॉक-सिसआरक्यू-ट्रिगरमध्ये डब्ल्यू हे अक्षर लिहायचं. कर्नल अडकलेल्या प्रत्येक प्रोसेसची पूर्ण साखळी लॉगमध्ये ओततो. पण ही साखळी लांबलचक असते आणि ती ओतल्यावर बफरमधलं जुनं पुसलं जाऊ शकतं. म्हणून आधी डीमेसेज उचलायचं, मग डब्ल्यू लिहायचं, मग पुन्हा डीमेसेज घ्यायचं.

यानंतर झेडएफएस. ‘झेडपूल इव्हेंट्स’ मायनस व्ही लावून, कारण हे इव्हेंट फक्त मेमरीत असतात, रीस्टार्टनंतर शून्य. ‘झेडपूल स्टेटस’ मायनस व्ही आणि मायनस एस लावून, म्हणजे खराब फायलींची यादीही येते आणि प्रत्येक डिस्कवर किती वेळा काम रेंगाळलं तेही. ‘झेडपूल हिस्टरी’ पुलावरच साठलेली असते, ती कुठे जाणार नाही, पण घ्यायची: आधी कुणी कधी क्लिअर मारलं, कुठली डिस्क कधी बदलली, सगळं तारखेनिशी तिथे असतं. आधीच्या वहीत जे नव्हतं ते इथे सापडलं.

डिस्कची ओळख: डेव्ह-डिस्क-बाय-आयडीची यादी आणि ‘एलएसबीएलके’मधून नाव, सिरियल नंबर आणि डब्ल्यूडब्ल्यूएन हा डिस्कचा न बदलणारा ओळख क्रमांक. हे रीस्टार्टच्या आधी घेतलं नाही तर उरलेल्या लॉगमधली सगळी नावं निरर्थक होतात.

मग सॅस लिंकचे आकडे. पुढे प्रकरण इथेच फुटलं, म्हणून त्याबद्दल वेगळं लिहितो.

शेवटी ‘स्मार्टसीटीएल’ मायनस एक्स, एका वेळी एका डिस्कला आणि फॉल्टेड डिस्कला सर्वात शेवटी. आजारी डिस्कला आधी विचारलं आणि ती बोललीच नाही, तर कमांड डी अवस्थेत जाऊन बसते. डी म्हणजे कर्नलच्या आत वाट बघत असलेली. तिला किल मायनस नाइनही लागू होत नाही. पुढे ‘टाइमआउट’ लावला तरी फरक पडत नाही, कारण टाइमआउटसुद्धा सिग्नलच पाठवतो. उरलेल्या अकरांची माहिती हातात असली की मग ती अडकली तरी फार बिघडत नाही. इथे ती अडकली नाही, मुकाट्याने उत्तर दिलं. खरं तर तेव्हाच शंका यायला हवी: मरणारी डिस्क इतकी सरळ वागत नाही.

लॉगनी काय सांगितलं

जेवणाची सुट्टी व्हायला अवकाश होता, तोवर वाचायला बसलो.

फॉल्टेड डिस्कचं स्मार्ट स्वच्छ. सॅस डिस्कमध्ये बघायचे आकडे थोडे: ग्रोन डिफेक्ट लिस्टमध्ये किती नोंदी, आणि वाचन-लेखनात न सुधारलेल्या चुका किती. दोन्ही शून्य. बाकीच्या अकरांचंही तसंच.

झेडपूल इव्हेंट्स मात्र बोलके होते. इनपुट-आउटपुट एररचे इव्हेंट घोळक्याने आले होते, आणि एकेका घोळक्यात, त्याच सेकंदात, चार-पाच वेगवेगळ्या डिस्कची नावं. एक डिस्क मरत असेल तर एरर तिच्यावरच येतील. चार डिस्कना एकाच सेकंदाला ठसका लागतो, याचा अर्थ चौघींच्या वाटेत काहीतरी सामायिक आहे: केबल, शेल्फचा एक्सपांडर (केबलवरून आलेलं काम सगळ्या डिस्कना वाटणारी चिप), एचबीए कार्ड किंवा पॉवर सप्लाय.

मग दर वेळी एकच डिस्क फॉल्टेड का, आणि दर वेळी वेगळी का? याचं उत्तर झेडएफएसच्या हिशेबात आहे. झेडईडी नावाची सेवा इव्हेंट मोजत बसते. मूळ सेटिंगप्रमाणे एका डिस्कवर दहा मिनिटांत दहा एरर झाले की ती डिस्क फॉल्टेड. घोळका येतो तेव्हा दहाचा आकडा ज्या डिस्कवर आधी भरेल तिचा नंबर लागतो. ती बाजूला काढली की बाकीच्यांना थोडी उसंत मिळते आणि सगळ्यांना वाटतं, रोग सापडला. आधीच्या दोन डिस्क अशाच गेल्या असणार.

कर्नलच्या लॉगमध्येही याला दुजोरा होता. एचबीएच्या ड्रायव्हरच्या लॉग-इन्फोच्या ओळी, ज्यांत ओरिजिनेटर पीएल म्हणजे प्रोटोकॉल लेअर असं लिहिलेलं असतं, आणि त्यांच्या पाठोपाठ एकेका डिस्कची ‘पॉवर-ऑन ऑर डिव्हाइस रीसेट’ झाल्याची ओळ. पॉवर गेली असेल का, हा प्रश्न येतो. पण पॉवर गेली असती तर सगळ्या बारा डिस्क एकदम रीसेट झाल्या असत्या. इथे चार, कधी तीन.

एकच लेन

सॅसची बाहेरची केबल दिसायला एक असते, पण तिच्यात चार स्वतंत्र लेन असतात आणि प्रत्येक लेनच्या टोकाला एक फाय, म्हणजे सिग्नल पाठवणारा-घेणारा भाग. चारही मिळून एक रुंद वाट बनते, १२ गिगाबिटच्या चार म्हणजे ४८. डिस्ककडे जाणारं काम यांपैकी कुठल्याही लेनवरून जातं. एक लेन बिघडली तर सगळं बंद पडत नाही. त्या लेनवर त्या क्षणी ज्यांचं काम असेल ते अडखळतं. चार-पाच डिस्कचा घोळका इथे चपखल बसतो.

लिनक्समध्ये प्रत्येक फायचे आकडे साध्या फायलींत मिळतात. सिस-क्लास-सॅस-फाय या डिरेक्टरीत प्रत्येक फायचं एक घर आणि त्यात चार आकडे: इनव्हॅलिड डीवर्ड, रनिंग डिस्पॅरिटी एरर, लॉस ऑफ डीवर्ड सिंक आणि फाय रीसेट प्रॉब्लेम. डीवर्ड म्हणजे लिंकवरून जाणारा डेटाचा लहान तुकडा. कुठलंही खास सॉफ्टवेअर लागत नाही. ‘ग्रेप’ला शोधायला फक्त एक टिंब द्यायचं आणि सगळ्या फायच्या त्या फायली दाखवायच्या. फाइलचं नाव आणि आतला आकडा एकाच ओळीत येतात. एचबीएच्याच नाही, एक्सपांडरच्या बाजूचे फायही त्याच यादीत दिसतात.

एकदा वाचलेल्या आकड्याला अर्थ नसतो. बूट होताना किंवा केबल खोचताना लिंक जुळत असते तेव्हा थोडे एरर मोजले जातातच. म्हणून तोच आकडा दहा मिनिटांच्या अंतराने दोनदा घेतला आणि वजाबाकी केली.

फाय शून्य, एक आणि तीन: फरक शून्य. फाय दोन: इनव्हॅलिड डीवर्ड पाच आकडी, आणि दहा मिनिटांत त्यात शेकड्यांनी भर. लॉस ऑफ सिंकही वाढलेला. एक्सपांडरच्या बाजूने डिस्ककडे जाणारे सगळे फाय स्वच्छ. डिस्कच्या स्मार्टमध्येही सॅस फायचं पान असतं, तिथेही काही नाही. म्हणजे एक्सपांडर ते डिस्क हा भाग ठीक, आणि बिघाड एचबीए आणि शेल्फ यांच्यामध्ये, तोही चारपैकी एकाच लेनवर.

जेवणाच्या सुट्टीत शेअर रिकामा असताना मी तिसऱ्यांदा आकडा घेतला. तेव्हाही तो वाढतच होता. सॅस लिंक मोकळी असली तरी तिच्यावरून रिकामे डीवर्ड अखंड वाहत असतात, त्यामुळे खराब लेन कामाची वाट बघत नाही. लोकांना त्रास मात्र काम असतानाच जाणवतो. ‘संध्याकाळी बॅकअपच्या वेळेला बिघडतं’ ही जुनी तक्रार तिथूनच आली होती, आणि त्या तक्रारीमुळे आधी बॅकअपच्या सॉफ्टवेअरवर संशय गेला होता.

लॉग सुरक्षित झाले होते, आता हात लावायला हरकत नव्हती. मशिनी जेवणाच्या सुट्टीत उभ्या होत्याच. फाय दोनच्या घरातल्या ‘एनेबल’ फाइलमध्ये शून्य लिहिलं. लिंक क्षणभर हलली आणि तीन लेनवर स्थिरावली. ४८ ऐवजी ३६ गिगाबिट, छपाईच्या फायलींना त्याने काही फरक पडत नाही. मग पहिल्यांदाच ‘झेडपूल क्लिअर’. फॉल्टेड डिस्क परत आली, रीसिल्व्हर, म्हणजे तिच्यावरचा डेटा पुन्हा जुळवणं, थोड्या वेळात संपलं, कारण ती बाहेर असताना जेवढं बदललं तेवढंच भरायचं होतं. प्रॉडक्शनच्या साहेबांना फक्त एवढंच कळवलं की चालू झालंय, डिस्क मागवू नका.

रॅकच्या मागे

पाऊस ओसरल्यावर ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लाइनने रबाळ्याला गेलो. रॅक भिंतीला इतका चिकटवलेला की मागे जायला अंग चोरावं लागतं. रॅकचं मागचं दार बंद केलं की ते थेट सॅस केबलच्या वळणावर दाबलं जात होतं. केबल कनेक्टरमधून बाहेर पडून लगेच काटकोनात वाकलेली. एसीची कॉपर पाइप बदलताना रॅक आत सरकवला होता, असं मॅडम म्हणाल्या. कधी, ते मात्र कुणाला नक्की आठवेना.

टीटीसी, म्हणजे ठाणे-बेलापूरच्या या औद्योगिक पट्ट्यात काहीही बिघडलं की बोट हवेकडे जातं. रसायनांचे कारखाने शेजारी आहेत, तांबं आणि चांदी गंजण्याची भीती खोटी नाही. त्यासाठी आयएसए ७१.०४ हे मानकच आहे: त्यातल्या जी-१ या सौम्य पातळीला महिन्याला तांब्यावर ३०० अँगस्ट्रॉमपेक्षा कमी थर चढायला हवा. पण संशय आणि पुरावा वेगळे. कनेक्टर काढून पाहिला, पिना चकचकीत होत्या. हवेला दोष देऊन मोकळं होणं इथे सोयीचं झालं असतं, पण खरं नव्हतं.

केबल की कार्ड, हे अजून ठरायचं होतं. फाय दोन पुन्हा सुरू केला, पूल एक्सपोर्ट केला, म्हणजे नीट बंद करून मोकळा केला, आणि तीच केबल एचबीएच्या दुसऱ्या पोर्टात खोचली, जिथे फाय चार ते सात येतात. पूल इंपोर्ट केल्यावर आकडे घेतले: फाय सहावर चढ सुरू. पोर्ट बदलला तरी बिघाड केबलबरोबर गेला, म्हणजे कार्ड निर्दोष. उरली केबल किंवा शेल्फचं पोर्ट. नवी केबल लावली, थोडी लांब, म्हणजे वळण मोठं राहील. दहा मिनिटांनी चारही लेनवर फरक शून्य. मग स्क्रब, म्हणजे पुलावरचा सगळा डेटा वाचून तपासणं, लावला. रात्रभर चालला, थोडंफार दुरुस्त झालं, पण एकही फाइल गेली नाही. रेडझेड-२च्या दुहेरी पॅरिटीचे पैसे वसूल झाले म्हणायचे.

एचबीएच्या कंपनीच्या सपोर्टला लॉग पाठवायचे होते, तिथे एक अडचण आली. स्टेटसमधल्या खराब फायलींच्या यादीत आणि पुलाच्या हिस्टरीत डेटासेटची नावं असतात, आणि या लोकांच्या फोल्डरांची नावं म्हणजे अजून बाजारात न आलेल्या औषधांची नावं. गुप्ततेचा करार केलेला. सॉस क्लीनसारखं हत्यार आयपी आणि होस्टची नावं झाकतं, फोल्डरची नावं नाही. ती मॅडमनी बसून हाताने बदलली, ‘डेटा-१’, ‘डेटा-२’ अशी, आणि कुठलं नाव कशाला ते स्वतःकडेच ठेवलं. गठ्ठा बांधून त्याचा शा-२५६, म्हणजे फाइल वाटेत बदलली का हे ओळखायची खूण, काढला आणि तिकिटात लिहिला. उत्तर आलं ते अपेक्षितच: केबल बदला. बदललेली होती.

नंतरचे बदल

बूटच्या पेनड्राइव्हच्या जागी एक लहान एसएसडी बसवली आणि जर्नल, म्हणजे सिस्टिमचा लॉग, कायमस्वरूपी केलं. कर्नलचे मेसेज नेटवर्कवरून दुसऱ्या एका मशीनवरही जातात, म्हणजे हा सर्व्हर पडला तरी शेवटच्या ओळी वाचतील. एनटीपीसाठी फायरवॉल उघडली. टाइमझोन यूटीसीच ठेवला. मॅडमचं म्हणणं भारतीय वेळ लावू या, पण मला सगळ्या मशिनींवर एकच काळ बरा वाटतो. यावर आमचं एकमत झालेलं नाही.

वरचा क्रम एका स्क्रिप्टमध्ये बांधून मॅडमच्या कॉम्प्युटरवर ठेवला, सर्व्हरवर नाही. शेअर अडकला की आधी ती चालवायची, मग फोन करायचा. ती चालायला काही मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ रीस्टार्टचं बटण कुणी दाबू नये, हे प्रॉडक्शनच्या साहेबांनी मान्य केलं आहे.

शेल्फला दुसरी केबल लावून मल्टिपाथ, म्हणजे डिस्ककडे जायला दोन वाटा, करायचा प्रस्ताव दिला आहे. शेल्फात दुसरं पोर्ट आहे, कार्डात पोर्ट रिकामं आहे, खर्च एका केबलचा आणि अर्ध्या दिवसाच्या बंदचा. तो ‘दिवाळीनंतर बघू’ या ढिगाऱ्यात आहे.

काढून टाकलेल्या दोन डिस्कपैकी एक वॉरंटीत बदलून गेली होती. दुसरी मॅडमच्या कपाटात होती, सिरियल नंबर हिस्टरीशी जुळला. ती आमच्या ऑफिसात लाँग सेल्फ-टेस्टला लावली. पास झाली, डिफेक्ट लिस्ट शून्य. आता स्टिकर लावून स्पेअर म्हणून ठेवली आहे.

फायचे आकडे रोज सकाळी मेलवर येतात, कालचे वजा करून. मध्यंतरी एके दिवशी चारही लेनवर लॉस ऑफ सिंक एकदम वाढलेला दिसला आणि मॅडमचा लगेच फोन. विचारलं तर आदल्या संध्याकाळी यूपीएसच्या बॅटऱ्या बदलताना शेल्फ बंद करून चालू केला होता. लिंक तुटून पुन्हा जुळली की चारही लेनवर नोंद होणारच. दुसऱ्या दिवशी पुन्हा शून्य आले. एकाच लेनवर वाढला असता तर मी तेव्हाच रबाळ्याची गाडी पकडली असती.